तोफांचा अधिकारी : कॅप्टन जॉन लीच

जमिनीवर मांडलेली तोफ स्थिर असते आणि तिचे लक्ष्यही बहुधा जागचे हलत नाही. युद्धनौकेवरील तोफेची गोष्ट निराळी आहे. ज्या जहाजावर ती बसवलेली असते ते वेगाने पुढे जात असते, लाटांवर दोन्ही बाजूंना कलत असते. आणि ज्या जहाजावर नेम धरायचा तेही तितक्याच वेगाने, स्वतःच्या मर्जीने दिशा बदलत धावत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या युद्धनौका एकमेकींवर वीस-बावीस किलोमीटर अंतरावरून मारा करीत. एवढे अंतर कापायला तोफगोळ्याला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागे. २८ नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर वेगाने जाणारे जहाज तेवढ्या वेळात साडेसहाशे मीटर पुढे गेलेले असे. म्हणून तोफ डागायची ती शत्रू जेथे दिसतो तेथे नव्हे, तर पाऊण मिनिटानंतर तो जेथे असेल तेथे.

हे 'जेथे असेल तेथे' काढून देणे हे नौदलातील तोफखाना अधिकाऱ्याचे काम. जहाजाच्या उंच भागावर बसवलेल्या मनोऱ्यातून दुर्बिणी आणि अंतरमापक यंत्रे शत्रूचे अंतर व दिशा सांगत. ती माहिती जहाजाच्या पोटात, चिलखती तक्तपोशीखाली असलेल्या एका खोलीत जाई. तेथे दाते आणि चाके यांनी बनलेले एक मोठे गणकयंत्र शत्रूचा वेग, स्वतःचा वेग, वारा, हवेची घनता, तोफेच्या नळीची झालेली झीज या सगळ्यांचा हिशेब करून तोफा किती उंचवायच्या आणि किती वळवायच्या ते ठरवी. मग मनोऱ्यातून एकाच कळीने सर्व तोफांची फैर झाडली जाई. गोळे पाण्यात पडून उठलेले उंच फवारे पाहून पुढची फैर सुधारायची. काही फवारे लक्ष्याच्या अलीकडे आणि काही पलीकडे उठले की लक्ष्य कात्रीत सापडले असे समजत. अणुयुगापूर्वीच्या यंत्रविद्येतील ही एक अत्यंत अवघड शाखा होती, आणि ब्रिटिश नौदलात तिला सर्वांत मोठा मान होता. नौदलातील उच्चपदे बहुतांशी याच शाखेतील अधिकाऱ्यांकडे जात. इतर शाखांतील अधिकाऱ्यांना ते काहीसे खुपत असे, आणि त्यात नवल नाही.

या विद्येचे माहेरघर होते इंग्लंडमधील पोर्टस्मथ बंदरातील व्हेल आयलंड. गोदी खोदताना निघालेला चिखल आणि माती टाकून वाढवलेल्या या बेटावर 'एक्सलंट' नावाची तोफविद्येची शाळा होती. येथील कवायतीचा कडकपणा साऱ्या नौदलात प्रसिद्ध होता. भारतातही ही परंपरा आली. फाळणीपूर्वी आपल्या नौदलाची तोफविद्येची शाळा कराचीला 'हिमालय' या नावाने होती. स्वतंत्र भारतात कोची येथील शाळेला 'द्रोणाचार्य' हे नाव देण्यात आले. नेमबाजी शिकवणाऱ्या संस्थेला याहून समर्पक नाव सुचणे कठीण आहे.

जॉन कॅटरल लीच यांचा जन्म १ सप्टेंबर १८९४ रोजी झाला. १९०७ साली, वयाच्या तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते ऑस्बर्न येथील नौदल विद्यालयात दाखल झाले. त्या काळी अधिकारी होऊ इच्छिणारी मुले या वयातच घर सोडून नौदलात जात. लीच अंगापिंडाने उंच होते. खेळांची त्यांना आवड होती, क्रिकेट ते चांगले खेळत. तरुण अधिकारी असताना त्यांनी तोफविद्या ही आपली शाखा निवडली.

त्यांच्या पिढीच्या मनावर एका लढाईची गडद छाया होती. ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंड येथे ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. त्या एका दुपारी तीन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका दारूच्या कोठारांचा स्फोट होऊन काही क्षणांत नाहीशा झाल्या. तोफांच्या फिरत्या पोलादी बुरुजांवर शत्रूचा गोळा फुटला की आगीचा लोळ गोळे वर आणणाऱ्या उभ्या बोगद्यातून थेट खाली कोठारापर्यंत पोहोचत असे. जलद मारा करण्याच्या हव्यासापायी या मार्गावरील दारे उघडी ठेवली जात, हेही त्याचे एक कारण होते. यापुढे असे होऊ द्यायचे नाही, असा निश्चय ब्रिटिश तोफतज्ज्ञांनी केला. त्यानंतर बनलेल्या तोफबुरुजांत एक दार बंद झाल्याखेरीज दुसरे उघडणार नाही, एक टप्पा पुरा झाल्याखेरीज पुढची हालचाल होणार नाही, अशा अडसरांची गुंतागुंतीची साखळी बसवण्यात आली. जटलंडचा हा धडा पंचवीस वर्षांनी लीच यांच्या वाट्याला वेगळ्याच रूपात येणार होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत लीच एकेक पायरी चढत गेले. १९३६ ते १९३८ या काळात ते चीनच्या किनाऱ्यावरील ब्रिटिश ताफ्यातील 'कंबरलँड' या क्रूझरचे कप्तान होते. १९३९ साली त्यांच्याकडे लंडनमधील एक मोठे पद आले. ते नौदलाच्या तोफा व शस्त्रसामग्री विभागाचे संचालक झाले. युद्ध सुरू होण्याच्या सुमारास देशातील सर्व युद्धनौकांच्या तोफा, गोळे, दारू आणि त्यांचे कारखाने यांचा कारभार या खात्याकडे होता. तोफखाना अधिकाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची कचेरी दुसरी नव्हती.

या कचेरीत ज्या तोफांची कागदपत्रे त्यांच्या हाताखालून जात होती त्यांत १४ इंच व्यासाच्या नव्या तोफा होत्या. त्यांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. १९३६ साली लंडन येथे झालेल्या नौदलविषयक करारात युद्धनौकांच्या तोफांचा व्यास १४ इंचांपेक्षा अधिक नसावा असे ठरले. जपान त्या परिषदेतून बाहेर पडला होता, तेव्हा हे बंधन टिकणार की नाही हे अनिश्चित होते. परंतु तोफा घडवायला जहाजाच्या सांगाड्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे ब्रिटनला वाट पाहणे शक्य नव्हते. 'किंग जॉर्ज पाचवा' या वर्गातील पाच नौकांसाठी १४ इंची तोफाच मागवण्यात आल्या. आधी प्रत्येक नौकेवर चार-चार तोफांचे तीन बुरूज असावेत अशी योजना होती. पुढे चिलखतासाठी वजन वाचवण्याकरिता त्यांपैकी एक बुरूज दोन तोफांचा करण्यात आला. अशा दहा तोफा. प्रत्येकीचा गोळा सुमारे ७२० किलोग्रॅम वजनाचा आणि पल्ला ३५ किलोमीटर. कागदावर ही मांडणी उत्तम होती. प्रत्यक्षात एकाच बुरुजात चार तोफा आणि जटलंडनंतरचे ते सारे अडसर कोंबल्यामुळे यंत्रणा फार नाजूक झाली. एका ठिकाणी थोडे काही अडकले तरी सारा बुरूज थांबे.

फेब्रुवारी १९४१ मध्ये लीच यांची नेमणूक याच वर्गातील 'प्रिन्स ऑफ वेल्स' या नव्या युद्धनौकेचे कप्तान म्हणून झाली. नौदलातील कॅप्टनचा हुद्दा भूदलातील कर्नलच्या तोलाचा असतो. मोठ्या युद्धनौकेवर त्याच्या हाताखाली दीड हजार माणसे असतात. लीच यांच्या सतरा वर्षांच्या मुलाची, हेन्रीची, याच जहाजावर प्रशिक्षणार्थी म्हणून नेमणूक व्हायची होती. वडीलच कप्तान होऊन येणार म्हटल्यावर ती बदलण्यात आली आणि हेन्रीला दुसऱ्या जहाजावर पाठवण्यात आले. या बदलीचे महत्त्व त्या वेळी कोणालाच कळण्यासारखे नव्हते.

जहाज ३१ मार्च १९४१ रोजी पूर्ण झाले असे कागदोपत्री नोंदले गेले. ते खरोखर पूर्ण झालेले नव्हते. बांधणी चालू असतानाच १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याचे नुकसान झाले होते. तोफबुरुजांची कामे एप्रिल संपत आला तरी चालूच होती. खलाशांपैकी पुष्कळ जण प्रथमच समुद्रावर जात होते. मे महिन्यात जर्मनीची प्रचंड युद्धनौका 'बिस्मार्क' अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजांच्या शिकारीला निघाली तेव्हा 'प्रिन्स ऑफ वेल्स'ला तिच्या पाठलागावर धाडण्यात आले. त्या वेळी तोफा बनवणाऱ्या कारखान्याचे मुलकी कामगार अद्याप जहाजावर दुरुस्त्या करीत होते. ते तसेच लढाईला गेले.

२४ मे १९४१ च्या पहाटे आइसलँड आणि ग्रीनलँड यांच्यामधील डेन्मार्क सामुद्रधुनीत गाठ पडली. एका बाजूला 'बिस्मार्क' आणि 'प्रिन्झ ऑयगेन' ही क्रूझर. दुसऱ्या बाजूला 'हूड' आणि तिच्या मागोमाग 'प्रिन्स ऑफ वेल्स'. 'हूड'वर सेनापती होते व्हाइस ॲडमिरल लॅन्सलॉट हॉलंड. तेही तोफखाना शाखेचेच अधिकारी होते. अंतर लवकर कमी करावे म्हणून हॉलंड यांनी जहाजे शत्रूच्या रोखाने तिरपी नेली. यामुळे दोन्ही जहाजांच्या मागच्या तोफा शत्रूकडे वळवता येईनात. लीच यांच्याकडे पुढच्या सहा तोफा उरल्या, आणि त्यांतील एक पहिल्या फैरीनंतर बंद पडली.

सहा वाजण्याच्या सुमारास 'हूड'च्या मागील भागातून आगीचा एक उंच स्तंभ उठला. दारूच्या कोठाराचा स्फोट झाला होता. पंचवीस वर्षांपूर्वीचे जटलंड पुन्हा घडले. काही मिनिटांत जहाज समुद्राच्या तळाशी गेले. त्यावरील १,४१८ जणांपैकी केवळ तीन वाचले. लीच यांना बुडत्या जहाजाचे अवशेष चुकवण्यासाठी आपली नौका एकदम वळवावी लागली, आणि आता दोन्ही जर्मन जहाजांच्या तोफा त्यांच्यावर रोखल्या गेल्या.

यानंतरची काही मिनिटे लीच यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण होती. 'बिस्मार्क'चा १५ इंची गोळा त्यांच्या जहाजाच्या सुकाणूमंचावरून आरपार गेला. तेथे उभे असलेले जवळजवळ सगळे ठार किंवा जखमी झाले. कप्तान लीच खाली फेकले गेले, पण बचावले. मंचावरून खालच्या नकाशाच्या खोलीत आदेश पोहोचवणारी एक नळी असे. त्या नळीतून आदेशाऐवजी रक्त टपकू लागले तेव्हा खालच्या तरुण अधिकाऱ्याला वर काय घडले ते समजले. जहाजाला एकूण सात गोळे लागले. तोफांची रखडपट्टी चालूच होती. जेवढे गोळे सुटायला हवे होते त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशच सुटू शकले. लीच यांनी धुराचा पडदा उभारून जहाज वळवले आणि लढाईतून बाहेर काढले. वळत असतानाच मागचा चार तोफांचा बुरूज गोळ्यांची फिरती चौकट अडकून बंद पडला.

या निर्णयावर पुढे पुष्कळ वाद झाला. लंडनमधील वरिष्ठांना तो रुचला नाही. ब्रिटनच्या मुख्य आरमाराचे सेनापती ॲडमिरल जॉन टोव्ही यांनी युद्धानंतर सांगितले, की लीच यांच्यावर लष्करी खटला चालवावा असा विचार वर चालला होता आणि तसे झाल्यास आपण पद सोडून आरोपीच्या बाजूने उभे राहू असे आपण कळवले. ही हकीकत टोव्ही सांगतात तशीच घडली का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. एवढे खरे, की खटला झाला नाही आणि त्याच कामगिरीबद्दल लीच यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हे पदक मिळाले. निर्णयाकडे शांतपणे पाहिले तर तो योग्यच दिसतो. नवे, अर्धवट जहाज, अडखळणाऱ्या तोफा, समोर दोन शत्रू, आणि मदतीला येणारे मोठे आरमार अजून दूर. अशा वेळी जहाज गमावण्यात शौर्य असेल, शहाणपण नव्हते. लीच यांच्या टीकाकारांनी सहसा एक गोष्ट नजरेआड केली. त्या नादुरुस्त तोफांतून सुटलेल्या गोळ्यांपैकी तीन 'बिस्मार्क'ला लागले होते. एकाने तिच्या पुढच्या भागातील तेलाच्या टाक्यांचे नुकसान केले. तेल वाहू लागल्याने जर्मन सेनापतीला अटलांटिकमधील मोहीम सोडून फ्रान्सच्या किनाऱ्याकडे वळावे लागले. वाटेत २६ मे रोजी 'आर्क रॉयल' या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या जुनाट दुपंखी विमानांनी पाणतीर मारून तिचे सुकाणू मोडले. दुसऱ्या दिवशी ती बुडाली.

ज्या तोफांची व्यवस्था लावण्यात लीच यांची दोन वर्षे गेली त्यांनी ऐनवेळी दगा दिला, असे म्हणता येईल. परंतु त्या तोफांची रचना ते संचालक होण्यापूर्वीच ठरलेली होती, आणि घाईने जहाज लढाईत लोटण्याचा निर्णयही त्यांचा नव्हता. जटलंडच्या भीतीने बसवलेले अडसर अडकत राहिले, हे मात्र विसरता येत नाही. सुरक्षितता आणि वेग या दोहोंची सांगड घालण्याचा प्रश्न त्या पिढीच्या तोफतज्ज्ञांना पूर्णपणे सुटला नव्हता.

दुरुस्ती झाल्यावर ऑगस्टमध्ये जहाजाकडे वेगळेच काम आले. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना घेऊन लीच न्यूफाउंडलंडच्या प्लासेन्शिया उपसागरात गेले. तेथे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट झाली आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी प्रसिद्ध 'अटलांटिक सनद' जाहीर झाली. आपले शासन कसे असावे हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क तीत मान्य केला होता. भारतातील वाचकांच्या आशा त्यामुळे पालवल्या. परंतु ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये हे तत्त्व भारताला आणि ब्रह्मदेशाला लागू करून पाहण्याचे नाकारले. सनदेची बोलणी चालली असताना १० ऑगस्टच्या रविवारी दोन्ही नेत्यांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या मागच्या तक्तपोशीवर, त्याच चार तोफांच्या सावलीत, एकत्र प्रार्थना केली. त्या प्रार्थनेला उभे असलेल्या खलाशांपैकी अनेकांचे आयुष्य आता केवळ चार महिन्यांचे उरले होते.

जपान युद्धात उतरण्याच्या बेतात होता. त्याला धाक बसावा म्हणून एक लहानसे परंतु भारदस्त आरमार सिंगापूरला पाठवावे असा चर्चिल यांचा आग्रह पडला. २५ ऑक्टोबरला 'प्रिन्स ऑफ वेल्स' निघाली. तिच्याबरोबर जाण्यासाठी 'इंडोमिटेबल' ही नवी विमानवाहू नौका ठरली होती, पण ती जमैकाजवळ खडकावर चढली आणि दुरुस्तीला गेली. तिच्याजागी दुसरी विमानवाहू नौका उपलब्ध नव्हती. केपटाऊन आणि कोलंबो करीत 'प्रिन्स ऑफ वेल्स' २ डिसेंबरला सिंगापूरला पोहोचली. सोबत 'रिपल्स' ही जुनी युद्धनौका होती. सेनापती होते ॲडमिरल टॉम फिलिप्स. युद्धनौका समुद्रात सावध असेल आणि तिच्या तोफा चालू असतील तर विमाने तिला बुडवू शकणार नाहीत, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ते एक होते. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तोवर खुल्या समुद्रात लढत्या स्थितीतील एकही आधुनिक युद्धनौका केवळ विमानांनी बुडालेली नव्हती.

योगायोगाने हेन्री लीच याच वेळी सिंगापूरला होता. त्याचे जहाज 'मॉरिशस' तेथील गोदीत दुरुस्तीसाठी थांबले होते. बाप-लेकांची भेट झाली. दोघे नौदलाच्या तलावात पोहायला गेले. समोर उभे असलेले संकट किती मोठे आहे याची तरुण मुलाला कल्पना नव्हती आणि वडिलांना पुरेपूर होती, असे हेन्री यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले. ती त्यांची शेवटची भेट ठरली.

८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जपानी फौजा मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरल्या. कोटा भारू येथे त्यांना प्रथम तोंड दिले ते आठव्या भारतीय ब्रिगेडच्या जवानांनी. त्याच दिवशी संध्याकाळी 'प्रिन्स ऑफ वेल्स', 'रिपल्स' आणि चार विनाशिका उतरणाऱ्या फौजांची जहाजे गाठण्यासाठी उत्तरेकडे निघाल्या. विमानांचे संरक्षण मिळणार नाही हे फिलिप्स यांना कळले होते. दुसऱ्या दिवशी जपानी विमानांनी आपल्याला पाहिले आहे असे लक्षात आल्यावर ते माघारी फिरले. वाटेत क्वांतान येथे शत्रू उतरल्याची खबर आली, म्हणून जहाजे तिकडे वळली. खबर खोटी होती.

१० डिसेंबर १९४१ रोजी सकाळी अकराच्या सुमारास सायगावजवळील तळांवरून आलेली जपानी विमाने वर दिसू लागली. त्या दिवशी सुमारे ८५ विमाने हल्ल्यात उतरली. लीच यांच्या दहा प्रचंड तोफांना आकाशातील या शत्रूविरुद्ध काहीच करता येण्यासारखे नव्हते. दोन्ही बाजूंना विमानविरोधी लहान तोफा होत्या, परंतु उष्ण-दमट हवेत काही रडार यंत्रे बिघडली होती आणि लहान तोफांची काडतुसे जुनाट होऊन अडकत होती. पावणेबाराच्या सुमारास एक पाणतीर डाव्या बाजूला, मागच्या पंख्याच्या दांड्याजवळ लागला. वाकडा झालेला दांडा फिरतच राहिला आणि त्याने जहाजाच्या पोटातील भिंती फाडून पाण्याला वाट करून दिली. आठ विद्युतजनित्रांपैकी पाच बंद पडली. सुकाणू गेले. जहाज कलले, मागच्या तोफांचा वीजपुरवठा तुटला, त्या हाताने वळवणेही त्या कलाने अशक्य झाले. सात महिन्यांपूर्वी 'बिस्मार्क'ला जेथे पाणतीर लागला होता, त्याच ठिकाणाजवळ आता 'प्रिन्स ऑफ वेल्स'ला लागला होता.

'रिपल्स' पाऊण तासाने बुडाली. 'प्रिन्स ऑफ वेल्स'ला आणखी पाणतीर लागले आणि मग एक बॉम्ब तक्तपोशी फोडून जखमींना ठेवलेल्या दालनात फुटला. 'एक्सप्रेस' ही विनाशिका बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने शेकडो माणसे उतरवून घेतली. दुपारी सव्वाच्या सुमारास जहाज उलटले. 'प्रिन्स ऑफ वेल्स'वरील ३२७ आणि 'रिपल्स'वरील ५१३ जण मृत्यू पावले. दोन हजारांहून अधिक जणांना विनाशिकांनी पाण्यातून वर काढले. ॲडमिरल फिलिप्स आणि कॅप्टन लीच त्यांत नव्हते. लीच तेव्हा ४७ वर्षांचे होते. ज्या मोहिमेत त्यांचा अंत झाला तीत शत्रूची एकही युद्धनौका त्यांच्या मोठ्या तोफांच्या टप्प्यात दिसली नाही.

रात्री विनाशिका सिंगापूरच्या धक्क्याला लागल्या. तेलाने माखलेल्या माणसांच्या रांगांतून अठरा वर्षांचा हेन्री वडिलांना शोधत फिरला.

हेन्रीनेही पुढे वडिलांची शाखा निवडली. त्याआधीच, २६ डिसेंबर १९४३ रोजी, नॉर्वेच्या उत्तरेस 'शार्नहोर्स्ट' ही जर्मन युद्धनौका बुडवणाऱ्या 'ड्यूक ऑफ यॉर्क'वर तो होता. हे 'प्रिन्स ऑफ वेल्स'चेच भावंड जहाज. त्याच १४ इंची तोफांच्या एका बुरुजात तो कामाला होता. मोठ्या युद्धनौकांचे युग मात्र संपत आले होते. हेन्री लीच नौदलाचे प्रमुख झाले तेव्हा ब्रिटिश नौदलात एकही तशी नौका उरलेली नव्हती. ३१ मार्च १९८२ रोजी, फॉकलंड बेटांवर आक्रमण होणार अशी बातमी आली असता, बेटे परत घ्यायला आरमार पाठवता येईल आणि पाठवलेच पाहिजे, असे पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना सांगणारे तेच. त्या आरमाराची मुख्य नौका होती 'हर्मिस' ही विमानवाहू. १९८७ मध्ये तीच 'विराट' या नावाने भारतीय नौदलात आली आणि २०१७ पर्यंत सेवेत होती. हेन्री लीच २०११ साली वारले.

'प्रिन्स ऑफ वेल्स' दक्षिण चीन समुद्राच्या तळाशी, सुमारे सत्तर मीटर खोलीवर उलटी पडलेली आहे. ब्रिटिश कायद्याने तिला संरक्षित युद्धसमाधीचा दर्जा दिलेला आहे. २००२ मध्ये पाणबुड्यांनी तिची घंटा वर आणली, कारण ती चोरीला जाईल अशी भीती होती. भीती अनाठायी नव्हती. जुन्या पोलादाला आणि पितळेला मिळणाऱ्या किमतीमुळे या परिसरातील बुडालेल्या युद्धनौका गेली अनेक वर्षे चोरून फोडल्या जात आहेत. मे २०२३ मध्ये मलेशियाच्या तटरक्षकांनी जोहोरजवळ एक चिनी मालवाहू जहाज अडवले. त्याच्या तक्तपोशीवर गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात दुसऱ्या महायुद्धातील तोफगोळे सापडले.